खुशालरावांचं सभासदत्व

अकोल्याचं ते सरकारी ग्रंथालय भाड्याच्या दोन खोल्यांत सुरू झालं, तीन जागा फिरून एकदाचं स्वतःच्या इमारतीत आलं, आणि तोवर वाचणारेच पांगले. आता तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं आपापली पुस्तकं घेऊन बसतात. त्यांना हवी असते खुर्ची आणि पंखा. कपाटं बिचारी जागा अडवून उभी. म्हणून नियम निघाला, की पाच वर्षांत ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही ते बाद.

ज्योत्स्ना तिथे देवघेवीच्या टेबलावर होती. तिचे वडील खुशालराव अकोटकडचे, भाजीपाला पिकवणारे. सकाळी बाजारात वांगी विकली की परतीच्या एसटीपर्यंत ते इथेच वाचत बसायचे आणि चारचौघांत पोटच्या पोरीला मॅडम म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेरवी आटोपून ज्योत्स्ना कामावर आली, तर बाद यादीत त्यांच्या आवडीची पुस्तकं. तिने ती त्यांच्याच नावावर चढवली. मग दर पंधरवड्याला दोन, असं सुरूच राहिलं. पुस्तकं बाद होण्यापासून वाचावीत म्हणून, असं ती स्वतःला सांगे. खरं म्हणजे तिला काहीच वाटत नव्हतं. हात तेवढे चालत होते.

घरी आई, पार्बताबाई, ती पुस्तकं खुशालरावांच्या खाटेवर ठेवी आणि पुढच्या खेपेला विचारी, "झाले का त्याईचे वाचून?" आईचं डोकं ठिकाणावर नाही असं समजून ज्योत्स्ना हो म्हणे.

यंदा वर्धापनदिनाला उत्तम वाचकाचा सत्कार ठरला. नव्यानेच बदलून आलेल्या ग्रंथपाल रागिणीमॅडमनी संगणकाला विचारलं आणि त्याने नाव काढलं: खुशालराव, वर्षात पन्नासच्या वर पुस्तकं. मॅडम खूश. फोन लावा म्हणाल्या.

बाहेरगावी गेलेत, आजारी आहेत, काहीही सांगता आलं असतं.

"ते माझे वडील," ज्योत्स्ना म्हणाली. "वारले."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं दार लोटलं आणि म्हणाल्या, हे मी वर जाऊ देणार नाही, पण नाव आजच कमी करा. रेशनकार्डातून, सातबाऱ्यातून बाप केव्हाच निघाला होता. जिवंत उरला होता तो एवढ्याच ठिकाणी. ज्योत्स्नाने कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' लिहिलं. बोट थरथरलंसुद्धा नाही, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

संध्याकाळी घरी येऊन ती खाटेवरची दोन पुस्तकं पिशवीत भरू लागली. आई पाहत होती.

"आता नाई आणणार, माय. बाबा गेले."

"मले का मालूम नाई?" पार्बताबाई म्हणाली. "तू रडलीच नाई, बाई. पुस्तकं आणून राहिली होती, म्हून मी तुले इचारून राहिली होती."

आईने पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. ज्योत्स्ना खाटेच्या काठावर टेकली. पुस्तकं उद्या जमा करायची आहेत, एवढंच तिला सुचत होतं. मग तेही सुचेना.