कोपऱ्यातलं मोकळं फूल

उल्मास मला विद्यार्थी म्हणूनही आवडला नव्हता, संचालक म्हणून तर मुळीच नाही. तिसऱ्या वर्षाला मी त्याला नापास केलं, तेव्हा तो रदबदली करायला घरी आला. मी त्याच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा पियाला दिला. आमच्या फरगान्यात अर्धा पियाला म्हणजे बसा, पुन्हा मागा. भरलेला म्हणजे प्या आणि चालू लागा. तो न पिताच उठला.

आता तो गावच्या संग्रहालयाचा संचालक आहे. त्याच संग्रहालयात भरतकामाचा संग्रह मी एकोणीस वर्षं सांभाळला. पुढची चौदा वर्षं विद्यापीठात शिकवलं आणि दरवर्षी पहिला तास त्या संग्रहातल्या एकाच सुझानीवर घेतला. लेकीच्या लग्नासाठी आईने भरलेली ती चादर. तिच्या कोपऱ्यातलं एक फूल मुद्दाम मोकळं सोडलेलं होतं. लेकीचा संसार पुढे चालत राहावा म्हणून बायका एवढी जागा सोडतातच.

यंदा नवरोजच्या प्रदर्शनात पाहते तर ते फूल भरलेलं. लालभडक, नव्या कोऱ्या रेशमाने! तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी ताश्कंदला तक्रार धाडली: या माणसाला काढा.

महिन्याभरात ताश्कंदहून चौकशीला अधिकारी आल्या, होसियत-ओपा, म्हणजे होसियतताई. उल्मासच्याच खोलीत आम्ही समोरासमोर बसलो.

"या दोमला, बरं दिसताय," तो म्हणाला. शिकवणाऱ्याला आमच्याकडे दोमला म्हणतात.

"माझं राहू दे. शंभर वर्षं जुन्या कापडात सुई घालताना हात नाही थरथरला तुझा?"

"मी नाही घातली. कारागिरीण बोलावली होती."

"गाढवा, माझ्या तासाला काय झोपा काढत होतास?"

"छे! वहीत शब्दन् शब्द आहे. पण संग्रहालय वहीवर चालत नाही, कार्डावर चालतं. हे वाक्य पण तुमचंच."

त्याने खणातून त्या सुझानीच्या नोंदीचं पिवळं पडलेलं कार्ड काढून होसियत-ओपांपुढे ठेवलं. वाचायच्या आधीच मी अक्षर ओळखलं. 'एक फूल अपूर्ण. भरून घ्यावे.'

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. मी तेवीस वर्षांची, पुस्तकं वाचलेली, सुई कधी न धरलेली. पुढे चादर देणाऱ्या म्हातारीनेच मला हसत हसत खरं काय ते सांगितलं. ते मी लेखांत लिहिलं, वर्गात घसा फोडून सांगितलं. कार्ड मात्र तसंच राहिलं. एकोणीस वर्षं तो खण माझ्या हाताशी होता.

"सही कोणाची ही?" होसियत-ओपांनी विचारलं.

शाई पुसट झाली होती. ओळखता येत नाही म्हटलं असतं, तर खपून गेलं असतं. उल्मास माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता आणि मला त्याचा त्या क्षणी जितका राग आला तितका कधीच आला नव्हता.

"माझी," मी म्हटलं.

त्यांनी फाइल मिटली. "मग यांच्यावर काय कारवाई करायची? कार्डाप्रमाणेच केलंय. टाके उसवता येतील का?"

"येतील. भोकं राहतील."

त्या दालन बघायला निघून गेल्या. उल्मासने किटली ओढली. डावा हात छातीवर ठेवून, अगदी रीतीप्रमाणे, तो सावकाश ओतत राहिला. अर्ध्यावर थांबला नाही. पियाला काठोकाठ भरला.

"घ्या, दोमला."

बोटं भाजत होती. मी तो उभ्यानेच, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि बाहेर पडले.