पुसलेली फुली

दादानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. खालून, क्रँकशाफ्टच्या बाजूनं, ठोका येत होता. जड आणि ओळखीचा, झिजलेल्या बेअरिंगचा.

दोन वर्षांपासून त्याला नीट ऐकू येत नव्हतं. माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. इंजिन मात्र अजून हाडातून बोलायचं. ही गोष्ट त्यानं एकट्या बायकोला सांगितली होती. गिऱ्हाइकं यायची ती त्याच्या कानावर भरवसा ठेवून. तो कानच गेला म्हटल्यावर कोण कुत्रं फिरकणार होतं! गॅरेजात या कानाची त्या कानाला खबर नाही, असं तो धरून चालला होता.

इंजिन बंद करून त्यानं धाकट्या भावाला बोलावलं.

"चेंबर उघड."

"अरे, परवाच तर बांधलंय मी. नवीन सामान आहे, बसायला वेळ लागणारच."

"उघड म्हटलं ना."

ऑइल काढलं, इंजिनाच्या तळाचं चेंबर उतरवलं, बेअरिंगवरच्या कॅपचे बोल्ट सुटले. क्रँकशाफ्टचं बेअरिंग दादाच्या तळहातावर आलं तेव्हा वरचा राखाडी थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. त्यानं ते उलटं केलं. जुनी बेअरिंगं भंगारात टाकताना तो पाठीवर खिळ्यानं फुली मारायचा, चुकूनही कुणी परत बसवू नयेत म्हणून. इथं फुली नव्हती. पॉलिश पेपरनं घासलेली चकचकीत जागा होती, आणि नख फिरवलं की फुलीचे दोन्ही चर लागत होते. म्हणजे चुकून वगैरे काही झालेलं नव्हतं.

गाडी ताईची होती, दोघांच्या थोरल्या बहिणीची. उद्या ती दोन्ही नातवंडांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघणार होती.

"नवीन सेट कुठंय?"

"टॅक्सीवाल्याच्या इंजिनात घातला. डोक्यावर येऊन बसला होता तो. बाहेरचा माणूस, बोंब मारली असती. ताई काय, आपलीच आहे."

"आपली म्हणून तिलाच चुना?"

"बदलणार होतो रे, ती परत आल्यावर."

"आणि गाडी सोडण्याआधी मी ऐकणार, हे डोक्यात नाही आलं?"

धाकट्यानं फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"वहिनीनं तुझ्या कानाचं सांगितलंय मला," तो शेवटी म्हणाला. "म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस, पण आता त्यांच्या वाटचं तू ऐकत जा."

बायकोचा दादाला राग आला नाही. तिनं काळजीपोटी सांगितलं होतं. पण या पठ्ठ्यानं त्या काळजीतून एवढाच हिशेब काढला, की दादाला आता काहीही खपेल. त्याला फार वाईट वाटलं. ज्याला हाताला धरून पाना कसा पकडायचा ते शिकवलं, तो हाच.

तेवढ्यात ताई आत आली आणि गाडीखालचं ऑइल पाहून थबकली. तिनं काहीतरी विचारलं, पण उजेड तिच्या पाठीमागे होता. दादाला तिचे ओठ दिसले नाहीत. उत्तर धाकट्यानं दिलं, दादाकडे पाठ करून. ताईनं मान डोलावली, निर्धास्त झाली.

"ताई, इकडे ये," दादा म्हणाला. "माझ्याकडे तोंड कर, आणि हा काय म्हणाला ते सांग. मला ऐकू येत नाही."