एक हुक रिकामा

"त्याला म्हणावं, कुलूप नको लावू. एक माणूस आतच राह्यला."

बाबा खाणीच्या लोखंडी फाटकासमोर दोन्ही हात पसरून उभे होते. किल्ल्यांचा जुडगा घेतलेला गाइड केव्ह माझ्याकडे बघत होता. टूरमधले बाकीचे लोक तोंडावरच्या माश्या हाकलत होते. दुपारचे चार वाजले होते, शेवटची टूर संपली होती आणि सगळ्यांना गावातला एकुलता एक पब दिसायला लागला होता.

हॅलोरन्स रीफ हे गाव आमच्या मॉसन लेक्सच्या घरापासून उत्तरेला गाडीने पाच तासांवर. कधीकाळी इथे सोन्यापायी हजारो माणसं राहत होती, आता चाळीस राहतात. इथे यायची कल्पना माझ्या नवऱ्याची. "बाबा खाणीतले माणूस, त्यांना पेंग्विन काय दाखवतेस?" सलिल म्हणाला होता. मी समुद्रकिनारे सुचवले, द्राक्षांचे मळे सुचवले. सलिलने परस्पर बुकिंग करून टाकलं.

मला भीती होती ती वेगळीच. युनिव्हर्सिटीत असताना मी सलिलला सांगितलं होतं की माझे बाबा चंद्रपूरकडे कोळसा खाणीत इंजिनिअर होते. त्याच्या घरी सगळेच शिकलेसवरलेले, माझ्या जिभेवरून ते निसटलं आणि मग मागे घेता आलं नाही. लग्नात सासऱ्यांनी बाबांना "या इंजिनिअरसाहेब" म्हणून मिठी मारली. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो, खाणीतच होतो." त्याला अकरा वर्षं झाली. त्या विषयावर बाबा माझ्याशी एक अक्षर कधी बोलले नाहीत.

बाबा लॅम्प रूममध्ये होते. खाणीच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली. खाली जाणारा कामगार आपला पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा, बाबा त्याला कपाळावरचा दिवा द्यायचे आणि बिल्ला दिव्याच्या हुकावर टांगायचे. वर आल्यावर दिवा परत, बिल्ला परत. चौतीस वर्षं हेच काम. शिफ्ट संपल्यावर एखादा हुक दिव्यावाचून राहिला, तर तो भरेपर्यंत बाबा घरी यायचे नाहीत. आई ताट झाकून ठेवायची आणि वैतागायची.

"मेट, सगळे बाहेर आहेत," केव्ह म्हणाला.

"नाइन नंबर," बाबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. दिवा लावलेली पिवळी हेल्मेटं ओळीने टांगलेली होती आणि नऊ नंबरचा हुक खरंच रिकामा होता. "हुक एम्टी. मॅन इनसाइड. नो लॉक."

केव्ह साठीचा, दणकट गडी. पण तो हुक बघून त्याचा चेहरा उतरला. डोकीबिकी मोजायच्या भानगडीत न पडता तो टॉर्च घेऊन तसाच आत पळाला. एक बाई पुटपुटली, "हा म्हातारा आहे तरी कोण?"

"ही इज अ माइनिंग इंजिनिअर," सलिल तिला छाती फुगवून म्हणाला. "ही नोज."

मी खाली बघत राहिले. दहा मिनिटं गेली असतील. आतून केव्हच्या हाका ऐकू येत होत्या आणि सगळ्यांच्या नजरा आतल्या अंधाराकडे लागल्या होत्या. बाबा फाटकाची सळई घट्ट धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

आणि मग माझी आठ वर्षांची स्पृहा खो खो हसायला लागली. "आजोबा! इट्स ऑन युअर हेड!"

बाबांचा हात डोक्याकडे गेला. पिवळं हेल्मेट, पुढे ठळक नऊ. एकच हशा पिकला. केव्ह घामाघूम होऊन वर आला आणि बघतच राहिला. बाबांनी हेल्मेट काढलं, त्यांचे पांढरे केस घामाने चिकटले होते.

"काय हो बाबा," सलिल डोळे पुसत म्हणाला, "इतकी वर्षं हेल्मेट घालून खाली उतरलात, आणि तेच विसरलात?"

बाबा ओशाळं हसले. "वय झालं ना जावईबापू. आता डोकंच काम नाही करत."

ते मला सहन झालं नाही. माझं खोटं झाकायला त्यांनी स्वतःच्या डोक्याला वेड्यात काढलं होतं. जन्मभर ज्या डोक्याने एक हुक चुकवला नाही, त्या डोक्याला.

"विसरले नाहीत ते," मी म्हणाले. "त्यांना सवयच नाही. बाबा कधीच खाणीत उतरले नव्हते सलिल, आज पहिल्यांदा उतरले. ते इंजिनिअर नव्हते. लॅम्प रूममध्ये दिवे द्यायचे आणि परत घ्यायचे. मी तुझ्याशी खोटं बोलले."

मग तेच मी केव्हला इंग्रजीत सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. हसणं थांबलं. केव्हने डोक्यावरची टोपी काढली. "माझा म्हातारा खाणीत होता," तो म्हणाला. "तुझ्या बाबांना विचार, त्यांचे किती जण परत आले नाहीत?"

मी विचारलं.

"तीन," बाबा म्हणाले.

केव्हने त्यांच्या हातून हेल्मेट घेतलं आणि नऊ नंबरच्या हुकावर टांगलं.

गाडीकडे जाताना सलिल पुढे चालत होता. बाबांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. ते रागावले होते, लहानपणी रागवायचे तसे.

"काहून सांगितलं? अकरा वर्षं सांभाळलं होतं ना मी."

"बाबा..."

"माझं काय जाते? लोक हसले, हसू दे. आता जावयासमोर तुझी मान खाली गेली ना, मंजू."

मला रडू आवरेना. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात कोंबला आणि गाडीत मागे, स्पृहाशेजारी बसायला निघाले.

सलिलने पुढचं दार उघडलं. "इथे बसा, बाबा." मी मागे बसले.

गाव मागे पडलं तसा सलिलने रेडिओ लावला. सलिलचा जबडा आवळलेला होता. त्याला माझा राग आला होता आणि तो यायलाच हवा होता. घरी गेल्यावर आमचं काय व्हायचं ते होणार होतं. बाबा मांडीवर हात ठेवून, परक्याच्या घरात बसावं तसे बसले होते.

बऱ्याच वेळाने सलिलने रेडिओ बंद केला.

"बाबा, ते तिघे कोण होते?"

बाबा जरा सावरून बसले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी बिल्ल्याचा नंबर, मग नाव, मग घरी मागे कोण कोण होतं ते.