मंत्र्यांचा हात

बारा वाजायला आले, तरी देओलिंदा माईकसमोर बसायला तयार नव्हती.

"हे मी वाचणार नाही." तिने कागद वाल्देमारपुढे सरकवला. रेडिओ केंद्र त्याच्या मालकीचं होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘ब्रसेल्सने आपली सार्डिनची मासेमारी बंद केली.’

"खोटं काय आहे यात?"

"अर्धंच आहे. तिथं युरोपातल्या देशांचं मतदान झालं, आपल्या मंत्र्यांनीही बंदीच्या बाजूनं हात वर केला. ते कुठंय?"

"बाई, लोकांना ब्रसेल्सवर चिडायला बरं वाटतं. आणि आपल्याला जाहिराती सरकार देतं. कशाला विकतचं दुखणं घेताय?"

"मग दुसऱ्या कुणाकडून वाचून घे."

"तुमच्याच आवाजात हवं."

हेच तिला झोंबलं. पोर्तुगालच्या त्या बंदरात दुपारच्या बातम्या मयतांच्या नावांनी सुरू व्हायच्या, आणि ती नावं वर्षानुवर्षं देओलिंदाच वाचायची. तिने सांगितलं म्हणजे माणूस गेला, एवढा गावाचा विश्वास. त्या विश्वासावर हा गडी आपला माल खपवायला निघाला होता.

ती बसली. आधी मयतांची नावं वाचली. मग कागद उलटा ठेवून म्हणाली, "सार्डिनची मासेमारी बंद झाली आहे. ब्रसेल्सला सगळ्या देशांच्या मंत्र्यांनी मिळून ठरवलं. आपल्या मंत्र्यांनीही होकार दिला. ते शनिवारी आपल्याकडे येताहेत. जाब विचारायचा असेल, तर तेव्हा विचारा."

वाल्देमारने तिच्याकडून केंद्राची किल्ली तिथल्या तिथे काढून घेतली.

घरी भाऊ अमान्सियो चिडून बसला होता. त्याची होडी बांधून पडली होती.

"नोकरी घालवलीस ना? आम्ही मस्त युरोपचा निळा झेंडा जाळणार होतो."

"जाळ की. झेंडा उत्तर देणार आहे का तुला?"

शनिवारी मंत्र्यांच्या स्वागताला गावचा बँड होता, आणि त्यात ट्रॉम्बोन वाजवायचा होता अमान्सियोने.

शनिवारी मंत्री धक्क्यावर मोटारीतून उतरले. बँडमास्तरांनी काठी उचलली. वाद्यं मांडीवरच राहिली.

अमान्सियो उभा राहिला. "साहेब, आधी सांगा. ब्रसेल्सला तुम्ही हात वर केला होता की नाही?"

स्वागत रेडिओवर ऐकवायला आलेल्या वाल्देमारने माईक घाईघाईने मागे घेतला. पण भर समुद्रात हाका मारणाऱ्या माणसाला माईक कशाला लागतो? धक्क्याच्या टोकाला, मासळीवाल्या बायकांत उभ्या असलेल्या देओलिंदालाही शब्द न् शब्द ऐकू आला.

मंत्री हसले. "अहो, वाजवा ना आधी."

कुणीही वाजवलं नाही. सगळे उत्तराची वाट बघत उभे राहिले.