बर्फाकाठचा उंच बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. मी बागेत नसतो आणि शाळेतही नसतो. स्केटिंगच्या रिंकवर, बर्फाला लागून नाड्या बांधायची एक खोली आहे, तिथे मी राहतो. बाराही महिने इथे गारठा असतो, पण माझी तक्रार नाही. तक्रार करण्याचा स्वभाव असता तर माझ्यावर स्केटची धारदार पाती कोण कोण आपटते, हेच मी तुम्हाला आधी सांगितले असते.

मला घडवणाऱ्या सुताराने स्केट घातलेला माणूस कधी पाहिला नव्हता. त्याने मला चारचौघांसारखा बुटका केला. मुले स्केट घालून बसली, तर त्यांचे गुडघे थेट हनुवटीला! सुतार पोट धरून हसला. "ही पोरं तर बर्फावर जायच्या आधीच वाढतात," असे म्हणून त्याने माझ्या प्रत्येक पायाखाली एकेक ठोकळा बसवला. त्याचे हात किती पक्के होते, हे मला आजही जाणवते. मी अजून डुगडुगत नाही.

माझे रोजचे काम म्हणजे नाड्या बांधणाऱ्यांचा भार सोसणे. स्पर्धेच्या दिवशी मात्र माझा थाट असे. माझ्यावर निळे कापड अंथरून मला बर्फाच्या कडेला ठेवत. खेळ संपवून धापा टाकत आलेला खेळाडू शिक्षकाशेजारी माझ्यावर बसे आणि गुणांची वाट पाहत माझी कड घट्ट धरून ठेवी. त्यांच्या नखांचे ओरखडे मी दागिन्यांसारखे मिरवत असे. पुढे गुबगुबीत सोफा आला आणि माझी रवानगी कायमची नाड्यांच्या खोलीत झाली. ओले हातमोजे माझ्यावर पडू लागले. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पण या खोलीत आलो म्हणूनच ताई आणि भिंगरीची गोष्ट माझ्या वाट्याला आली.

ताई आमच्या रिंकवरची मोठी खेळाडू. लहानथोर सगळेच तिला ताई म्हणत. भिंगरी तिच्याहून बरीच धाकटी. गोल फिरायला लागली की थांबायचे नाव घेत नसे, म्हणून तिचे हे नाव पडले. दोघींना शिकवणाऱ्या बाई एकच.

जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेला कोणत्या देशाचे किती खेळाडू जाणार, हे आदल्या वर्षी त्या देशाचे खेळाडू कितवे आले यावरून ठरते. आमच्या देशाला बरीच वर्षे एकच जागा होती. मग ताई गेली आणि पहिल्या दहांत आली. त्यामुळे देशाला दोन जागा मिळाल्या. त्या दिवशी रिंकवर सगळे आनंदाने बर्फावर बसकण मारून हसत होते.

पुढच्या मोसमात नेमका ताईचा घोटा दुखावला. निवडीची स्पर्धा आमच्याच रिंकवर होती. जी पहिली येईल तिला एक जागा सरळ मिळणार होती. दुसरी जागा कुणाला द्यायची, हे निवड समिती त्या स्पर्धेतले आणि वर्षभराचे गुण पाहून ठरवणार होती. पहिल्या दिवशी छोटा खेळ आणि दुसऱ्या दिवशी मोठा, अशी ती स्पर्धा असते.

पहिल्या दिवशी दुसऱ्या शहरातली एक मुलगी इतकी सुंदर खेळली की पहिली जागा तिचीच, हे सगळे समजून चुकले. ताई घोटा सांभाळून खेळली. आणि भिंगरीने हवेत तीन फेऱ्यांची उडी मारायच्या ऐवजी दोनच फेऱ्या घेतल्या. गुणांना मोठी कात्री लागली. "घाबरली बिचारी," बाई म्हणाल्या.

ताईला ते पटले नाही. ती लंगडत खोलीत आली आणि भिंगरीशेजारी बसली.

"खरं सांग, उडी मुद्दाम सोडलीस ना?"

"नाही ग ताई, वेगच कमी पडला."

"मला शिकवतेस? चुकून सुटलेली उडी अशी नीटनेटकी उतरत नाही. आणि उतरल्यावर तुझा चेहराही पडला नाही."

भिंगरी हुंदके देऊ लागली. "ती जागा तुझी आहे ताई. तू आणलीस. मी कशी घेऊ?"

ताईचा आवाज चढला. "माझी? मी काय ती घरी नेऊन फडताळात ठेवणार होते? जागा देशाची असते. मी पहिल्यांदा निवडले गेले ना, तेव्हा माझ्या मागे दुसऱ्या क्रमांकावर कोण राहिलं होतं माहितेय? आपल्या बाई. तेव्हा त्याही खेळत होत्या. जागा एकच होती आणि त्यांचा शेवटचा मोसम होता. त्यांनी मला उडी सोडायला सांगितलं नाही. उलट माझी नाडी घट्ट बांधून दिली." मग ती हळू आवाजात म्हणाली, "उद्या पूर्ण ताकदीनं खेळ. मला हरव. तू दया म्हणून सोडलेली जागा मला गोड लागेल का ग?"

भिंगरीने मान हलवली. मला रडता आले असते तर मी रडलो असतो.

दुसऱ्या दिवशीचा खेळ मला दिसला नाही. पण बर्फावरचा धक्का जमिनीतून माझ्या पायांत येतो. भिंगरीची पाळी आली तेव्हा आधी पात्याचा टोकदार ठोका आला, मग जराशी शांतता आणि मग उतरल्याची लांबच लांब खरखर. तीन फेऱ्या! पुढे एकदा धप्प आवाज झाला. पोरगी पडली होती. पण लगेच पाती पुन्हा धावू लागली.

भिंगरी दुसरी आली, ताई चौथी. समितीने दार लावून घेतले. बाहेर अर्धे लोक म्हणत होते की अनुभवी ताईलाच पाठवा. दार उघडले तेव्हा दुसरी जागा भिंगरीला मिळाली होती आणि ताई राखीव होती. राखीव म्हणजे कुणाला दुखापत झाली तर जायचे, नाहीतर तयारी करून घरी बसायचे. ताई तरीही रोज सकाळी आली. माझ्यावर बसून घोट्याला पट्टी बांधायची आणि हळूहळू सराव करायची. अशा माणसांचा भार सोसायला मिळाला, हे माझे केवढे भाग्य!

मोठ्या स्पर्धेच्या दिवशी, दूर देशात चाललेला खेळ पाहायला रिंकच्या दालनात पडदा लावला. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मला उचलून बाहेर आणले आणि ताई माझ्यावर बसली. दोघींच्या क्रमांकांची बेरीज ठराविक आकड्याच्या आत आली तरच देशाच्या दोन जागा पुढच्या वर्षीही टिकणार होत्या, नाहीतर पुन्हा एकच. दुसऱ्या शहरातली ती पहिली आलेली मुलगी छान खेळून गेली होती. मग भिंगरी खेळली. तीन फेऱ्या घेऊन ती उतरली तेव्हा ताई माझ्यावर नव्हतीच, हवेत होती.

भिंगरी बाईंशेजारी परक्या सोफ्यावर बसली. गुण आले. बाईंनी बोटांवर बेरीज केली. उरलेल्या सगळ्या जणी दोघींच्या पुढे गेल्या, तरी आकडा आत बसत होता. बाईंनी मान डोलावली, आणि भिंगरी थेट पडद्यातून ओरडली, "ताई, दुसरी जागा टिकली! आता घोटा बरा कर आणि ये मला हरवायला!"

दालनात एकच कल्ला झाला. ताईने दोन्ही हातांनी माझी कड धरली आणि ती मोकळेपणाने रडली. "वेडी पोरगी," ती म्हणाली, "मला पुन्हा कामाला लावलं."

मित्रांनो, सुताराचे, बाईंचे, या दोघींचे आणि मला सोफ्याच्या सावलीतून बाहेर काढणाऱ्यांचेही माझ्यावर उपकार आहेत. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. पाती पुसून मगच बसा आणि उठताना आपले ओले हातमोजे उचला. तुमच्यानंतर कुणीतरी नाड्या बांधायला येणारच आहे. कदाचित ते तुम्हालाच हरवायला आलेले असेल. तरीही त्याच्यासाठी बाक कोरडा ठेवा.