माझी कुंडी होता होता राहिली!

जुनी आहे, कबूल. पण मला म्हातारी म्हणाल तर याद राखा! मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या, बर्कशायरच्या एका खेड्यातल्या चर्चची घंटा आहे. उंच मनोऱ्यात राहते. दोराच्या भोकातून खालचं दिसतं तेवढंच, पण खाली बोललेला शब्द न् शब्द वर चढून येतो. त्यामुळे गावातली एकही बातमी माझ्यापासून लपत नाही.

माझा जन्म याच चर्चच्या अंगणात झाला. कित्येक शतकांपूर्वी फिरते कारागीर आले, त्यांनी खड्डा खणून मातीचा साचा केला आणि तांबं-कथील वितळवून त्यात ओतलं. गावातल्या बायकांनी म्हणे घरची भांडीही दिली होती. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा शेतातली माणसं हातातलं काम टाकून धावत आली. पुढे लग्न असो, कापणीचा सण असो, नाहीतर कुणाच्या गवताच्या गंजीला लागलेली आग असो, माझ्यावाचून गावाचं पान हलत नव्हतं. काय थाट होता माझा!

मग तरुण मंडळी शहरात गेली. माझा दोर ओढायला एकटे टॉमकाका उरले, आणि एके दिवशी त्यांच्या गुडघ्यांनीही संप पुकारला. तेव्हा चर्चची देखभाल करणाऱ्या मिसेस हॉब्जनी एक सीडी आणली. दर रविवारी कर्ण्यातून कुठल्या तरी भलत्याच घंटेचा आवाज! तोही माझ्याच घरात! संताप संताप व्हायचा माझा. बघायला येणारे लोक भिंतीवरची जुनी चित्रं बघायचे, फोटो काढायचे आणि जायचे. मान वर करून कुणी माझ्याकडे बघेल तर शपथ.

२००६ च्या उन्हाळ्यात तर कहरच झाला. मिसेस हॉब्ज खाली कुणाला तरी सांगत होत्या, "सोमवारी माणसं येऊन घंटा उतरवतील. दारात उलटी ठेवू आणि तिच्यात जिरेनियमचं फुलझाड लावू."

ऐकलंत? कुंडी! माझी, कुंडी! मी ढसाढसा रडले असते, पण कुणी वाजवल्याशिवाय मला रडताही येत नाही हो.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी जवळच्या ब्रॅकनेल शहरातून तिघं जण आले. पुण्याचे शशिधर आजोबा, त्यांची सून मीनल आणि नात तनू. मीनल ब्रॅकनेलला आयटीत नोकरी करायची. सासऱ्यांना जुनं चर्च दाखवायला ती घेऊन आली होती. आजोबांनी दारातच बूट काढले.

"बाबा, अहो, इथे शूज चालतात."

"चालत असतील. मला नाही चालत," आजोबा म्हणाले आणि मोज्यांवरच आत आले.

तनू इथेच जन्मलेली. तिनं विचारलं, "आजोबा, घंटा कुठे आहे? तो टेम्पलमध्ये असतो ना?"

"तो नाही गं, ती. घंटा ती असते. आणि इथेही असणारच की. आपण आलोय हे देवाला कळवायला नको?"

माझा दोर भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळून ठेवला होता. आजोबांनी तो सोडवला, आणि मीनल "बाबा, नको!" म्हणेपर्यंत ओढलासुद्धा.

ठण्ण!

अहाहा! मित्रांनो, तो माझाच आवाज होता. अंगावरची धूळ उडाली, कबुतरं उडाली. मला इतका आनंद झाला की थांबायचंच सुचेना.

इकडे मीनलची पाचावर धारण बसली. "काय केलंत हे! इथे परमिशन लागते, बाबा. आता कुणाला तरी गाठून सॉरी म्हणायला हवं."

गाठायची गरजच पडली नाही. सगळं गावच धावत आलं. कुणाच्या हातात बागेची कात्री, कुणाची दाढी अर्धीच झालेली. मिसेस हॉब्ज धापा टाकत होत्या. शेवटी काठी टेकत टॉमकाका आले आणि नुसते वर बघत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

आजोबांनी हात जोडले. "सॉरी मॅडम. इन इंडिया, वी टेल गॉड वी हॅव कम."

टॉमकाका खो खो हसले. "देवाला कळलं, आम्हालाही कळलं! आता हिला उतरवायची गोष्ट काढून तर बघा."

"पण वाजवणार कोण?" मिसेस हॉब्जनी विचारलं.

"मी!" तनू इंग्रजीत ओरडली. मग काय, ज्याला त्याला माझा दोर हवा झाला. टॉमकाका खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला शिकवू लागले. रविवारच्या पाळ्यासुद्धा तिथेच ठरल्या. सोमवारी माणसं आली खरी, पण माझ्या सांध्यांना तेल घालून गेली. जिरेनियम आता दारात प्लॅस्टिकच्या कुंडीत आहे. छान फुललंय बिचारं.

मित्रांनो, जुन्या वास्तूत गेलात तर नुसते फोटो काढून परतू नका. जरा मान वर करून बघा, कोण गप्प बसलंय ते विचारा. दोर मात्र विचारूनच ओढा हं! सगळेच काही शशिधर आजोबांसारखे नशीबवान नसतात.

आजोबा पुण्याला परत गेले. वाजवायचा तनूचा नंबर आला, की मीनल त्यांना फोन लावून मोबाइल मनोऱ्याच्या दिशेनं उंच धरते आणि तनू दोर ओढता ओढता ओरडते, "आजोबा, ऐका! ती बोलतेय!"