हुकाखाली

मी हात आडवा केला, तळवा खाली. आमच्या कामात याचा अर्थ थांब. हूक थांबला नाही.

पत्र्याची ती अजस्र गुंडाळी माझ्या दिशेने येतच राहिली. मी मागे सरकले, पाठ रॅकला टेकली, आणि मग वर कोणीतरी दचकून जागं व्हावं तशी साखळी करकरली आणि भार जागच्या जागी झुलत राहिला. सगळा मिळून एका श्वासाचा उशीर. आजूबाजूला कोणाच्या लक्षातही आला नाही. मी मात्र वर क्रेनच्या केबिनकडे बघत राहिले, कारण तिथे माझी सख्खी थोरली बहीण बसली होती.

आमच्या गोदामात क्रेन चालवणारी ती एकटीच बाई. तिला सगळे वरच्या बाई म्हणतात आणि मला खालच्या बाई. आधी मी चिडायचे, मग सोडून दिलं. माझं काम साखळ्या अडकवायचं, तोल बघायचं आणि हाताच्या खुणांनी वर सांगायचं. त्या आवाजात बोललेलं काही ऐकू जात नाही. भाराच्या थेट खाली उभं राहायचं नाही असा नियम आहे आणि मी तो पाळते. पण गुंडाळी हाताने वळवायची तर हातभर अंतरावर जावंच लागतं. इतक्या वर्षांत मला त्याची भीती म्हणून वाटली नव्हती. लहानपणी रस्ता ओलांडताना माझं मनगट दुखेपर्यंत धरून ठेवणारी बाई वर असताना भीती कसली?

आता वाटत होती. कारण असा उशीर त्या आठवड्यात आधीही झाला होता. सकाळी काम सुरू झाल्यावर थोड्या वेळाने व्हायचा, दुपारी नाही. दुपारी ताई अगदी जागी असायची, पण वैतागलेली. खिडकीतून मला तिचा हात सारखा मांडीवर फिरताना दिसायचा.

आतली गोष्ट अशी की दीड वर्षापूर्वी ताईने वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. डॉक्टरांनी तिच्या पोटाची अंड्याएवढी पिशवी करून पुढचा आतड्याचा रस्ताही आखूड केला होता. साखर वाढली होती, गुडघे संपावर गेले होते आणि केबिनची शिडी चढून गेली की बराच वेळ तिला धाप आवरत नसे. कामावर मात्र सांगितलं, पित्ताचे खडे काढले. वजन उतरायला लागल्यावर सांगितलं, रोज चालते. हे खोटं तिने का रेटलं ते मला कळतं. लोक जाड बाईला हसतात आणि ऑपरेशन करून बारीक झालेल्या बाईला त्याहून जास्त हसतात. पहिलीला निदान पोटभर खायला तरी मिळतं.

खरं काय ते मला आणि दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, एवढ्यांनाच माहीत. आम्ही दोघं मूग गिळून गप्प.

वजन उतरलं, साखर उतरली, आणि सगळं छान चाललेलं असताना तिच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग सुरू झाली. ठणका नव्हे, आग. कापड घासलं तरी कळवळायची. केबिनच्या सीटचा पट्टा नेमका कमरेच्या त्याच कोपऱ्यावर यायचा, आणि तो न बांधता क्रेन चालवायची सोय नाही. नस दुखावली आहे असं कंपनीच्या दवाखान्यात निदान झालं. दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या तिला कायमच्या बंद होत्या. त्या गोळ्यांनी इवल्याशा पोटात जखम होते, रक्त जातं, हे ऑपरेशनच्या डॉक्टरांनी घरी सोडताना आम्हा तिघांना दटावून सांगितलं होतं. पण गोदामात प्रत्येकाच्या खिशात तसली एक गोळी असतेच. ताई मांडी चोळताना दिसली की कोणीतरी प्रेमाने तिच्या हातावर गोळी ठेवणार. ती हसून घ्यायची आणि खिशात टाकायची. का खात नाही ते सांगायचं तर ऑपरेशन सांगावं लागलं असतं.

माझ्या मनात पहिली शंका हीच आली, की दुखणं सोसवेना म्हणून ही आता त्या गोळ्या गिळते आहे आणि आतून रक्त जाऊन तिला ग्लानी येते आहे. बहिणीच्या कपाटाला हात लावणं बरं नाही, पण माझा जीव टांगणीला लागला होता. जेवणाच्या सुट्टीत मी तिचं कपाट उघडलं. आत चहाचा एक जुना डबा होता आणि त्यात सगळ्यांनी दिलेल्या त्या गोळ्या, गच्च भरलेल्या. तिने खाल्ल्या नव्हत्या आणि कोणाचं मन मोडायला नको म्हणून फेकल्याही नव्हत्या. मला क्षणभर हायसं वाटलं, आणि मग जास्तच भीती वाटली. हे नाही तर मग काय?

संध्याकाळी कपडे बदलताना मी सरळ विचारलं, सकाळी तुला झापड येते का म्हणून. ती म्हणाली, वय झालं. मी म्हटलं, वय दुपारी कमी होतं का? ती बुटाची नाडी बांधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाली उभं राहून सगळं सोपं वाटतं. एकदा वर बसून बघ." आणि निघून गेली. मला असा राग आला की घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते.

आमची सुट्टी आठवड्याच्या मधोमध असते. त्या दिवशी मी सकाळीच तिच्या घरी जाऊन थडकले. दाजी बेकरीत काम करतात. पहाटेची भट्टी उरकून नुकतेच आले होते, भुवयांवर अजून पीठ होतं. मनुष्य देवमाणूस, पण कामात असा काटेकोर की त्याच्यासमोर चहात साखर ढवळायलाही संकोच वाटावा. मला बस म्हणाले आणि छोटा खलबत्ता काढून ओट्याशी उभे राहिले. पाकिटातून एक पांढरी लांबट गोळी काढली, खलात टाकली आणि कुटायला लागले.

कुटणं कसलं, पूजा चालली होती. आधी हलके ठोके, मग गोल घोटणं, मग मैद्याच्या बारीक चाळणीतून गाळणं, वर राहिलेलं पुन्हा खलात. मग तो चुरा चमचाभर दह्यात कालवून त्यांनी ताईच्या पुढे धरला. ताईने लहान मुलीसारखा तोंडात घेतला.

ऑपरेशननंतर सुरुवातीला सगळ्या गोळ्या कुटून द्यायला सांगितलं होतं, ते मला आठवत होतं. पुढे बंद करायला हरकत नव्हती. पण एकदा ताईच्या घशात अख्खी गोळी अडकली होती आणि तिचा चेहरा काळानिळा पडलेला दाजींनी पाहिला होता. त्या दिवसापासून त्यांनी एकही गोळी अख्खी दिली नाही. बायकोला पोटभर करून घालता येत नाही तर निदान औषध तरी नीट घालावं, असं त्यांचं चाललं होतं. मी गोळीचं विचारलं. ताई म्हणाली, कंपनीच्या दवाखान्यातून नसेच्या दुखण्यावर नवीन दिली आहे, सकाळी एक घेतली की दिवसभराचं काम. "त्या डॉक्टरांना तुझं ऑपरेशन माहीत आहे?" ताईने नाही अशी मान हलवली. दवाखान्याच्या बाकावर शेजारी आमचेच लोक बसलेले असतात.

मी चहा घेतला, कपबशी धुतली, इकडचं तिकडचं बोलले. तेवढ्यात ताईचं बोलणं लांबायला लागलं. एक वाक्य सुरू करून ती मधेच थांबली आणि तिची नजर भिंतीवर कुठेतरी जाऊन बसली. मी तिच्यासमोर हात आडवा केला, तळवा खाली. एका श्वासाच्या उशिराने तिने पापण्या हलवल्या. तोच श्वास.

मी तिथूनच ऑपरेशनच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या नर्सबाई आम्हाला ओळखत होत्या. फोन मोठ्या आवाजावर ठेवून मी औषधाचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, घेतात कशी? मी दाजींकडे बघितलं. ते जवळ येऊन अभिमानाने म्हणाले, अगदी बारीक करून देतो, गाळून.

मग नर्सबाई सावकाश म्हणाल्या, "ती गोळी दिवसभर थोडी थोडी सुटावी म्हणून तशी केलेली असते. तुम्ही त्यांना अख्खा दिवस एका चमच्यात देताय."

पुढचं त्यांनी समजावून सांगितलं. कुटल्याने सगळं औषध एकदम अंगात जातं म्हणून सकाळी गुंगी, आणि लवकर संपतं म्हणून दुपारी आग. अख्खी गिळली असती तरी ताईच्या आखूड केलेल्या रस्त्यात ती पूर्ण उतरेल याचा भरवसा नव्हता. मनाने एकदम बंद करू नका, आजच्या आज या, डॉक्टर लगेच विरघळणारा प्रकार दिवसातून विभागून देतील, हळूहळू बसवतील. रक्तातली जीवनसत्त्वंही बघायला हवीत, ती कमी पडली तरी नसा दुखतात. शेवटी म्हणाल्या, डोस बसेपर्यंत कुठलंही यंत्र चालवायचं नाही. आणि यापुढे ज्या डॉक्टरकडे जाल त्याला पहिलं वाक्य ऑपरेशनचं.

दाजी खुर्चीत बसले होते. खलबत्ता मांडीवर होता. "मी रोज..." एवढंच म्हणाले. ताईने त्यांच्या मांडीवरून खलबत्ता काढून घेतला आणि म्हणाली, कुटायला मीच लावलं होतं तुम्हाला, अख्खी गिळायची मला भीती वाटत होती. मला वाटलं, सुटलो, निस्तरलं.

कुठलं काय. दवाखान्यातून औषध बदलून परत येताना ताईने रस्त्यात जाहीर केलं की ती उद्या कामावर जाणार आणि नेहमीसारखी वर चढणार. रजा मागितली तर कारण विचारतील, कारण सांगितलं तर ऑपरेशन निघेल. इतके दिवस काही झालं नाही, एवढ्यात काय होतंय? दाजींनी समजावलं, मी भांडले, शेवटी हातही जोडले. ती ढिम्म. तिच्या नाकावरचा राग मी ओळखते. आम्ही दोघींनी तो आईकडून वाटून घेतला आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. सुपरवायझरला मी सांगितलं तर ती जन्मात माझ्याशी बोलणार नव्हती. न सांगितलं तर सकाळी तिच्या हुकाशेजारी मी, नाहीतर दुसरं कोणीतरी असणार होतं.

सकाळी ती आली, हेल्मेट घातलं आणि शिडीकडे निघाली. पाळीची सगळी माणसं जमलेली, सुपरवायझर कामाची वाटणी करत होता. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी शिडीपासून थोडी लांब, माझ्या रोजच्या जागी उभी राहिले आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले.

ही खूण आम्ही क्वचितच करतो. हिचा अर्थ जिथे असाल तिथे थांबा, आत्ता, काही विचारू नका. ती कोणीही करो, झाडूवाल्याने केली तरी वरच्याने थांबायचं असतं. इतक्या वर्षांत ताईने माझी ही खूण एकदाही मोडली नव्हती. बघता बघता कामाची वाटणी थांबली आणि सगळे आमच्याकडे बघायला लागले.

ताई पायरीवर तशीच उभी राहिली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही उतरून माझ्या थोबाडीत देणार. ती उतरली. माझ्या शेजारून सरळ सुपरवायझरपुढे गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पित्ताचे खडे नव्हते. मी वजनाचं ऑपरेशन केलंय. औषध बदललंय, काही दिवस मला वर पाठवू नका." मग मागे वळून, "हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. आणि त्या दुखण्यावरच्या गोळ्या मला पुन्हा देऊ नका, मला चालत नाहीत."

एक जण हसला, पण तो कशालाही हसतो. बाकीचे कामाला लागले. सुपरवायझरने डोकं खाजवलं, दुसऱ्या पाळीच्या क्रेनवाल्याला फोन करून बोलावून घेतलं आणि ताईला काही दिवस खाली, माझ्या हाताखाली दिलं. डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाला, आणि सीटचा पट्टा काचतो हे मी सांगितल्यावर त्याला गादी लावून घेऊ म्हणाला.

आता ती माझ्याशी बोलेना. साखळी दे म्हटलं की साखळी द्यायची, बस. पहिली गुंडाळी उचलली गेली. मी खूण करत होते, ती शेजारी उभी. गुंडाळी डोक्याच्या वर गेली, सरकली आणि उतरत उतरत आमच्या दिशेने यायला लागली. तिची सावली आधी बुटांवर आली, मग अंगावर. वरचा माणूस चांगला होता, हात स्थिर होता, घाबरण्यासारखं काही नव्हतं.

माझं मनगट कोणीतरी पकडलं. दुखेल इतकं घट्ट.

मी हात आडवा केला, हूक तत्क्षणी थांबला, गुंडाळी हातभर अंतरावर. ताई वर बघत होती. तोंड उघडं, चेहऱ्यावरचा रंग उतरलेला.

"तू रोज इथे उभी असतेस?" तिने विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

तिने मनगट सोडलं नाही. मी दुसऱ्या हाताने गुंडाळी वळवली.